कोंबडखताच्या वासासंबंधी खुलासा

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली असल्यामुळे तो उभ्या उभ्याच घातला आहे, गोड मानून घेणे.) भाची आणि बाळ खुशाल असल्याचं कळलं, आनंद झाला. बाळाचं नाक माझ्यावर गेलंय असं लिहिलंस. ते दिसण्यापुरतंच गेलेलं असो.

इकडे सर्व क्षेम. सर्व म्हणजे मी, तुझी भावजय, विहीर, शेड आणि वांग्याच्या पाच वाफ्यांपैकी एक. उरलेल्या चारांविषयी सविस्तर लिहिणं भाग आहे. वांगी चांगली उतरली तर मळा मला कसायला देणार, नाहीतर शेजारच्या पोल्ट्रीवाल्याला, असं तू जाताना त्याच्यादेखत सांगितलंस, आणि तेव्हापासून तो रोज कुंपणाशी येऊन माझ्या वांग्यांची विचारपूस करतो.

तुझी सूचना एकच होती: शेडमागच्या कोंबडखताच्या ढिगाला वास यायचा थांबला की मगच ते वाफ्यात घाल. सूचना सोपी होती. अडचण एवढीच की गेल्या वर्षीच्या तापापासून मला वास येत नाही. कसलाच नाही. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, तुझ्या भावजयीलाही नाही. (तीस वर्षं तिच्या स्वयंपाकातलं कमीजास्त नुसत्या वासावरून सांगत आलो, आता कुठल्या तोंडाने सांगणार?) ती पहिला महिना तुझ्यासोबत भाचीकडे होती, म्हणजे इथे मी आणि ढीग दोघंच. तू गेल्यावर नवव्या दिवशी मी ढिगापाशी उभा राहून दीर्घ श्वास घेतला. काहीही नाही. तरी आपल्याच मतावर विसंबू नये म्हणून पलीकडच्या शिंपीमामांना गाठलं. सरळ वासाचं विचारणं बरं दिसेना, म्हणून हवा कशी काय, एवढंच विचारलं. मामा भिडस्त माणूस. उत्तम आहे म्हणाले आणि खिडक्या लावून घेतल्या. (अजून उघडलेल्या नाहीत. मला वाटलं, बारीक शिवणकामाला वारा चालत नसेल.) मग पोल्ट्रीवाल्यालाच बोलावलं. आम्ही दोघांनी वाकून, डोळे मिटून हुंगलं. "कसला वास? काही नाही," तो म्हणाला, आणि तो खोटं बोलत नव्हता, हे मी त्याच्या बाजूने सांगतो. पंधरा वर्षं चार हजार कोंबड्यांत काढलेल्या माणसाला आणखी कसला वास येणार? पण हे मला तेव्हा सुचलं नाही. दोन बंद पडलेल्या नाकांचं एकमत झालं आणि मी खत घातलं. तू सांगितलंस त्याच्या दुप्पट घातलं, कारण चांगल्या कामात हात आखडता घेणं माझ्या स्वभावात नाही.

पाचव्या दिवशी पानांच्या कडा करपल्या, आठव्या दिवशी रोपांनी माना टाकल्या. ऊन लागलं असेल म्हणून मी सावली केली. मग किडीच्या संशयाने एकेक पान उलटून पाहिलं (कंबर तिथेच गेली). शेवटी शेतकी खात्यातल्या साहेबांना बोलावलं. ते फाटकाच्या आत आले नाहीत. नाकाला रुमाल लावून रस्त्यावरूनच बोलत होते, त्यामुळे मला निम्मंच ऐकू आलं, पण त्या निम्म्यातही माझी पुरेशी हजेरी घेतली गेली. त्यांचं म्हणणं, ताजं कोंबडखत जहाल असतं, मुळं जाळतं. तेच भुसा मिसळून, ओल राखून, अधूनमधून वरखाली करत तीन-चार महिने कुजवलं की जमिनीचं सोनं करतं. खरं असावं. पाचव्या वाफ्याला ढीग पुरला नाही म्हणून मी तिथे शेडमधलं, तू गेल्या वर्षी कुजवून पोत्यात भरलेलं कोंबडखत घातलं होतं. त्या वाफ्यातली माती आता मुठीत धरली तर भुसभुशीत लागते, आणि वांगी अशी लगडली आहेत की पोल्ट्रीवाला त्या बाजूला बघतच नाही.

ताई, मला फार वाईट वाटतं. ती रोपं तू स्वतः लावून माझ्या हाती दिली होतीस. ती मी जाळली, आणि जाळताना मोठ्या खुशीत होतो. वरचं खत खरवडून पुन्हा ढिगात घातलं आहे, त्यात भुसा मिसळला आहे आणि वाफ्यांना भरपूर पाणी सोडलं आहे. नवी रोपं साहेब सांगतील तेव्हाच लावीन.

बाळाला पापा. तुला राग येईल तो पत्रानेच पाठवावा, घेऊन येऊ नये.

तुझा (मळ्यासह किंवा मळ्याविना)
धाकटा

ता. क. पत्राला वास येत असल्यास त्यात टपालखात्याचा दोष नाही. ढिगाशेजारी बसून लिहिलं आहे.

आणखी ता. क. मळा पोल्ट्रीवाल्याला देऊ नये, एवढीच विनंती. त्यालाही वास येत नाही, आणि त्याला ते माहीतही नाही. मला निदान माहीत आहे. मळा मलाच द्यावा.

शेवटचा ता. क. वरची विनंती रद्द समजावी. पत्र पाकिटात घालण्याआधी ढीग वरखाली करत होतो, तेवढ्यात तुझी भावजय आली, क्षणभर उभी राहिली, "अजून दोन महिने तरी लागतील," म्हणाली आणि गेली. मी काहीच विचारलं नव्हतं. मग एकेक आठवायला लागलं. वर्षभर ती मी स्वयंपाकघरात शिरायच्या आतच सांगते, दूध करपलंय, गॅस नीट बंद कर, तो सदरा धुवायला टाक. मला वाटायचं, वयोमानाने हिची बडबड वाढली. तिला पहिल्यापासून माहीत आहे, ताई, आणि तिने मला ते कळू दिलं नाही. तेव्हा मळा तिला दे. मला कामावर ठेवायचं की नाही, ते तिचं ती बघेल.