दोन बोटांनी उघडणारा बोल्ट

प्रिय मारित,

आधी बातमी, रुसवेफुगवे मागाहून. जमलं गं! शंभर यार्डांवर पाच गोळ्या, पाचही एका डाइमच्या नाण्याखाली झाकल्या जातील इतक्या जवळ. तेही मोंटानातल्या भर जुलैच्या दुपारी, ट्रकच्या टपावर अंडं शिजेल अशा उन्हात. आणि बंदुकीचा बोल्ट, गोळीनंतर मागं ओढायचा तो हट्टी दांडा? दोन बोटांनी उघडतोय! मी नेमबाजीच्या रेंजवर चक्क नाचलो. शेजारचा लॉइड म्हणाला, "आर्विड, आवर जरा, गुडघे नवे मिळत नाहीत." जळतो मेला.

सुरुवात मात्र फजितीनं झाली. तुझ्या त्या स्पर्धेच्या डब्यातली सतरा काडतुसं उरली होती. मी घरी भरलेली, वाया कशाला घालवायची, म्हणून मे महिन्यात रेंजवर नेली. पहिलं उडवलं, तर बोल्ट तळहातानं ठोकून उघडावा लागला. शहाण्यानं तिथंच थांबावं. पण तुझा बाप कुठला शहाणा! दुसरं उडवलं आणि पुंगळीच्या बुडाची ठिणगी पाडणारी टोपी फुटून गरम वायू थेट माझ्या तोंडावर आला. चष्मा होता म्हणून डोळे वाचले. माझं काळं तोंड बघून लॉइड हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही. बंदूक काढून घेतली आणि म्हणाला, "पोरीनं सांगितलं होतं तुला."

सांगितलं होतंस. दोन वर्षांपूर्वी, ऑगस्टमध्ये, क्लबच्या स्पर्धेत तिसऱ्या गोळीनंतर तू बंदूक खाली ठेवलीस. "पप्पा, बोल्ट जड जातोय. मी पुढची उडवणार नाही." मी ओरडलो, "अगं, तिन्ही एकाच भोकात गेल्यात, उडव!" तू ऐकलं नाहीस, स्पर्धा हातची गेली, आणि चाळीस माणसांसमोर मी तुला भित्री म्हणालो. पुढच्याच महिन्यात तू घर सोडून बॉयझीला गेलीस.

मे महिन्यात तोंड काळं झालं त्या दिवशी घरी येऊन, डब्यातच राहिलेल्या तुझ्या स्पर्धेतल्या तीन रिकाम्या पुंगळ्या भिंगाखाली धरल्या. तू काळ्या पेनानं आकडे घातले होतेस, एक, दोन, तीन. पहिलीच्या टोपीची कड अजून गोल. तिसरीची साफ चपटी, आणि बुडावरच्या अक्षरांवर चकाकता डाग. नुसत्या चपट्या टोपीवर विसंबू नये हे मीच तुला शिकवलं होतं. पण टोपी, डाग, जड बोल्ट आणि वेगमापकावर गोळीचा अपेक्षेपेक्षा जास्त वेग, चौघं मिळून एकच गोष्ट ओरडून सांगत होते, की दाब फार झालाय! माझी चूक ऐक. काडतुसातल्या दारूचं ते माप मी जानेवारीत बसवलं होतं, दाढीवर बर्फ साचत होतं तेव्हा. उन्हात तापली की तीच दारू जास्त भडकते. दरवर्षी नवख्यांना हे घसा फोडून सांगणारा मी! पण ते एक भोक बघितलं आणि अक्कल गहाण टाकली.

मग उरलेली पंधराही खोलून टाकली. पुस्तकातल्या सगळ्यात कमी मापापासून पुन्हा सुरुवात केली, कणाकणानं वाढवत, प्रत्येक गोळीचा वेग वहीत लिहीत, प्रत्येक पुंगळी तुझ्यासारखी आकडा घालून तपासत. दोन महिने गेले. आणि जुन्या मापाच्या कितीतरी खाली, बोल्ट कुरकुरायच्या बऱ्याच आधी, हे सापडलं! वेग थोडा कमी, नेम तोच. मी उगाच इतकी वर्षं हावरटपणा केला गं.

काडतुसं टपालानं पाठवता येत नाहीत, म्हणून डब्याचं नुसतं झाकण पाठवतोय. आपल्यात झाकणावर माप बसवणाऱ्याचं नाव लिहितात. तीस वर्षं तिथं माझंच नाव असायचं. या झाकणावर तुझं आहे. काल क्लबच्या सभेत त्याच चाळीस जणांसमोर उभा राहिलो आणि सांगितलं, की भित्री मारित नव्हती, बिनडोक मी होतो. हे फोनवर सांगताना माझा आवाज गेला असता, म्हणून पत्र. सप्टेंबरच्या स्पर्धेत तुझं नाव घातलंय, तुला न विचारता. चिडलीस तर चीड, पण ये. आणि बोल्ट जरासा जरी जड वाटला, तर बंदूक खाली ठेव. या वेळी सगळ्यांच्या आधी मी उठेन, आणि तुझ्या बाजूला येऊन उभा राहीन.

तुझाच, उशिरा ऐकणारा,
पप्पा