कुलूप नसलेला खेळ

मंगळवार, १२ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीचा गुडघा आता कसा आहे? तुझा नवा पत्ता मावशीकडून मिळाला. तीन वर्षांनी बहिणीचं पत्र यावं आणि तेही कॉम्प्युटरवरच्या खेळाबद्दल, म्हणून हसशील. हस. पण तू दिवसभर लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करतोस, तुला नाही विचारायचं तर कुणाला?

माझ्या चिऊला नऊ वर्षं पूर्ण झाली. अंगाने तुझ्यावर गेलीय, नुसती काडी. एका बेटावर शेती करायचा खेळ आहे. तो लावला की कोंबड्यांना दटावायची, भोपळ्यांशी गप्पा मारायची. मला तोच विकत घ्यायचाय, पण कुलूप नसलेला.

आमच्याकडचा ह्यांच्या खात्यावर आहे. उघडला की आधी जिथून घेतला त्या नेटवरच्या दुकानाला विचारतो, मग सुरू होतो. कामावरच्या कॉम्प्युटरवर मी आणखी दोन दुकानं पाहिली. एक म्हणतं आमच्याकडे कुलूप नाही, पण खेळ त्यांच्याच ॲपमधून उतरवायचा, त्यात रोज लॉगिन करायचं. मग कुलूप नाही ते कुठलं? दुसरं मात्र अख्खी फाइल हातात देतं. पेन ड्राइव्हवर ठेवा, नेट नसलं तरी चालतो. मला हे बरं वाटतं. तू तुझ्या नावावर घे, आणि नेटची वायर काढून एकदा चालवून बघ. नक्की बघ.

एका खेळासाठी एवढी खातरजमा कशाला, असं वाटेल. सांगते.

ऑक्टोबरात आम्ही दोघी माझ्या मैत्रिणीकडे गेलो होतो. राहायला. न सांगता. फोन बंद ठेवले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी खाली रस्त्यात हे गाडीत बसलेले. ‘हे’ कसलं, आता ‘तो’च म्हणते, तुझ्याजवळ तरी. काच खाली करून म्हणाला, "झालं फिरून? चला."

वाटेत हसत हसत सांगितलं, "चिऊने तिथल्या कॉम्प्युटरवर खेळ उघडला. दुकानाची मेल आली, अमुक गावातून लॉगिन झालंय, तुम्हीच का? त्या गावात तुझं दुसरं आहे कोण?"

चिऊ मागच्या सीटवर होती. तिने सगळं ऐकलं. त्यानंतर तिने खेळाला हात लावलेला नाही, आणि बोलणं म्हणशील तर हो-नाहीपुरतं. आपणच आईला पकडून दिलं, असं तिच्या मनाने घेतलंय. त्या दिवशी घरी काय झालं ते लिहीत नाही. माझा डावा हात अजून पुरता वर जात नाही, एवढंच.

गेल्या आठवड्यात त्याने तिला नवा लॅपटॉप आणला. "कुठेही ने, बाबाला कळेलच," म्हणाला आणि तिच्या केसांवरून हात फिरवला. तो लॅपटॉप आम्ही तुझ्याकडे आणणार नाही. तुझ्याकडचा एखादा जुना तयार ठेव.

खरं तर पुढच्या महिन्यात निघायचं ठरवलं होतं. पण आज सकाळी बुटांच्या नाड्या बांधता बांधता त्याने चिऊला विचारलं, "तुझा मामा हल्ली कुठे असतो गं?" सहज, हवापाण्याच्या गोष्टी कराव्यात तसं. तिला पत्ता माहीत आहे, दादा. ती मान खाली घालून दप्तर भरत राहिली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. नऊ वर्षांच्या मुलीला एवढं कळावं?

पत्र तुला गुरुवारी मिळेल. शुक्रवारी शाळेच्या वेळेला आम्ही निघतो. फोन करू नकोस, उत्तरही नको.

दुपारी दार वाजलं की आधी खिडकीतून बघ. आम्ही दोघीच असलो तर उघड. मागे तो उभा असेल तर आधी पोलिसांना फोन कर. आणि मी कितीही हसून "सगळं ठीक आहे रे" म्हटलं तरी विश्वास ठेवू नकोस.

तुझी,
धाकटी