लाल पट्ट्याचं झाड

बाग, १४ मार्च

धाकट्या,

खुशाल असशील. तुझा पत्ता बियांच्या व्यापाऱ्याकडून काढला, त्याच्यावर चिडू नकोस. अक्षर ओळखू आलं नसेल. डाव्या हाताने लिहितेय, का ते पुढे येईलच.

आधी बागेची खबर. तीन दिवस वादळ होतं. समुद्राने भिंतीचा कोपरा खाल्ला, काचघराच्या बावीस काचा गेल्या. वारं पडल्यावर नेहमीसारखं ऊन चढायच्या आत पान अन् पान गोड्या पाण्याने धुतलं, नाहीतर मिठाने करपली असती. बाबा आंधळे असून नळी धरून उभे, आणि वर आमच्यावरच खेकसत होते. जित्याची खोड, दुसरं काय.

विषय टाळतेय मी. तुला कळलंच असेल.

भिंतीजवळचं ते झाड. बागेचा पहिला माळी, दीडशे वर्षांपूर्वी जहाजांतून आलेली रोपं जगवायला ठेवलेला, पावसात त्याच्याखाली थांबला आणि पानांवरून गळणाऱ्या चिकाने अंगभर भाजून मेला. तेव्हापासून नियम झाला: चीक विषारी, त्या खोडाला लाल पट्टा. त्याची फांदी जाळायची नाही, वाळूत पुरायची. दरवर्षी पट्टे रंगवायचं काम माझं होतं.

तू गेलास त्या वर्षी ते एक झाड राहिलं. जुना रंग खाऱ्या हवेने पार गेला होता. वारं इतकं होतं की रंग तोंडावर उडत होता. उद्या बघू म्हटलं आणि ब्रश धुऊन टाकला. तो उद्या नऊ वर्षं चाललाय.

तू बिनपट्ट्याचं झाड छाटलंस, फांद्या पेटवल्यास, धूर बाबांच्या डोळ्यांत गेला. ते लोळत होते, डोळे खरवडत होते, दोघा गड्यांनी हात धरून ठेवले तेव्हा कुठे पाणी ओतता आलं. मग त्यांनी फावड्याचा दांडा मागितला. दिसत नव्हतं, म्हणून त्याच दोघांनी तुला समोर धरलं. तुझा ओठ फाटला. तू ओरडलास, "पट्टा नव्हता! जाऊन बघा!"

बाबा थांबले, धाकट्या. खरंच थांबले. त्यांनी रखवालदाराला बघायला पाठवलं.

तो लंगडा. मी काचघरामागून पळाले, रंगाचा डबा उचलला आणि पट्टा मारला. त्याने वळणावरूनच बघितलं आणि परत जाऊन सांगितलं, पट्टा आहे. बाबा म्हणाले, "आंधळं केलंस ते केलंस, वर खोटं बोलतोस?" तुझं मनगट मोडलं ते त्यानंतर. दात पडले तेही त्यानंतर. मी पोचले तेव्हा माझे हात लाल होते. सगळ्यांना ते तुझं रक्त वाटलं, ताई भावाला सोडवायला मध्ये पडली म्हणून. कौतुक झालं माझं. मी ते ऐकून घेतलं. तू मात्र त्याच संध्याकाळी गेलास.

परवा भिंत पडल्यावर ते झाड कललं. तोडायच्या आधी बाबांनी ते हातांनी चाचपलं. पट्ट्याखाली त्यांची बोटं अडली. "हे ओघळ कसले? तुझ्या हाताला ओघळ येत नाहीत. हा घाईतला रंग आहे." नऊ वर्षं मी त्या ओघळांवरूनच ब्रश फिरवत होते, खरवडून काढायचा धीर झाला नाही. मी सगळं सांगितलं.

त्यांनी दांडा मागितला. मीच आणून दिला.

त्यांना दिसत नाही रे. मी एक पाऊल बाजूला झाले असते तरी वार चुकला असता. पहिला वार खांद्यावर बसला, दुसरा हवेत गेला. त्यांनी विचारलं, "कुठे आहेस?" मी म्हटलं, "इथे." प्रत्येक वेळी सांगितलं. माझ्या उजव्या हाताची तीन बोटं चेचून गेली. मग दांडा गळून पडला आणि ते त्या झाडाजवळ बसून तुझ्या नावाने हंबरडा फोडून रडले. तेव्हापासून अन्नाला शिवले नाहीत. तुझ्याशिवाय कुणाच्या हातचं खाणार नाही म्हणतात, आणि हट्टाला किती पक्के आहेत तुला माहीत आहे. हे पत्र मिळालं की निघ. माझ्यासाठी नको, त्यांच्यासाठी.

दांडा दाराआड ठेवलाय. तुझी पाळी बाकी आहे, असं मीच ठरवलंय. तुला तर डोळे आहेत, विचारावंही लागणार नाही.

इथेच उभी,
ताई