लिफ्ट बंद, श्रीफळ आणि मी

रविवार, १२ जानेवारी. सकाळ.
‘लिफ्ट बंद’ जयपूरला येतायत. १ फेब्रुवारी, विद्याधर नगर, एका लॉनवर. माझा बँड. पुण्याचा. त्यांच्या आयासुद्धा ऐकत नसतील तेव्हापासून मी ऐकतोय. प्रत्येक नव्या गाण्यानंतर गायक कैवल्यला मेसेज करून सूचना करतो. एकसष्ट झाले. एकदा उत्तर आलं, दोन जोडलेले हात. मैत्री आहे म्हणायला हरकत नाही.

दोन तिकिटं काढली. मी आणि ऋचा. तीन तारखेला ती नोकरीसाठी बंगळुरूला जाणार, म्हणजे बापलेकीचं हे शेवटचंच. ‘शेजारी चावी ठेवलीय’ सुरू झालं की दोघांनी मिळून गायचं. मीच शिकवलंय तिला, ओळ ओळ करून. इथे वाढलेल्या पोरीला जेवढं मराठी येतं त्यातलं निम्मं या गाण्यातलं आहे. घरात एकटी असली की गुणगुणते, मी आलो की थांबते. तिथे गाईल.

बायकोने, म्हणजे सुनंदाने विचारलं, गुडघ्यांचं काय, अडीच तास उभं राहायचं असतं. संकल्प: उद्यापासून सेंट्रल पार्क, रोज पाच किलोमीटर.

मंगळवार, १४ जानेवारी.
पार्क नाही. संक्रांत. गल्लोगल्ली पतंग, मांजा गळ्याला लागतो. उद्यापासून.

रविवार, १९ जानेवारी.
पार्क नाही. सहा डिग्री. घरातच उभं राहण्याचा सराव केला, बावीस मिनिटं. मग सुनंदाने चहा दिला. चहा उभ्याने पिणं बरं दिसत नाही.

एक सुचलं. महाराष्ट्र मंडळाचा मी नऊ वर्षं सचिव. जयपुरात येऊन मराठीत गायलेला एकही माणूस आम्ही शाल-श्रीफळ दिल्याशिवाय सोडलेला नाही. एकदा तबलजी आलेच नाहीत, तर त्यांच्या मेहुण्याचा सत्कार केला. मग हे चौघे तसेच जाणार? ‘शेजारी चावी’ संपलं की स्टेजवर जायचं. शाल, श्रीफळ, दोन शब्द. कैवल्यला तसं कळवलं. उत्तर नाही. म्हणजे संमती.

ऋचा म्हणाली, बाबा प्लीज मत करो ना, तिथे असं नसतं. नसतं म्हणूनच करायचं. पोरीवर संस्कार कमी पडले, पण आता तीन तारखेच्या आत काय होणार.

शुक्रवार, ३१ जानेवारी.
मोती डूंगरीच्या गणपतीपाशी नारळ घेतला. सुनंदा म्हणाली, हलवून पाहिलात का, पाणी वाजतं का. सत्काराच्या नारळातलं पाणी कोण बघतं.

भाषण पाठ. दोन शब्दांना चार मिनिटं लागतायत. कमी करणार नाही. पार्क नाही.

शनिवार, १ फेब्रुवारी. संध्याकाळी ६.१०.
पहिल्या गेटवर तिकिटं स्कॅन झाली. दुसऱ्यावर पिशवी उघडली. गार्डचं नाव देवराम. नारळ आत जाणार नाही म्हणतो, कोणी फेकून मारला तर. समजावलं की भैया, हा नारळ नाही, श्रीफळ आहे. तो म्हणाला, मग श्रीफळ डब्यात टाका. डबा कचऱ्याचा. त्यालाही ते बरं वाटलं नसावं, दुसरीकडे बघत होता. ऋचाने विनवलं की चहावाल्याकडे ठेवू. मग सत्कार कशाने करायचा? शाल एकटी कधी देतात का? तिला आत पाठवलं. आयोजकांशी बोलून दहा मिनिटांत येतो म्हटलं आणि पहिल्या गेटातून परत बाहेर आलो.

६.५५.
आयोजक म्हणजे स्वप्ना नावाची मुलगी. मला काकाजी म्हणाली. एकदा बाहेर पडलं की तेच तिकीट परत चालत नाही. आता नारळ सोडला तरी नाही. मंडळाचं कार्ड दाखवलं. तिने दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि परत दिलं. सिस्टीममध्ये तुम्ही आतच आहात, असं म्हणाली. एकूण मुलगी समजूतदार.

७.४०.
चहाच्या टपरीवर. इथूनही छान ऐकू येतं. निदान ड्रम. बाकी शेजारच्या लॉनवर वरात आली आहे, त्यांचा डीजे मोठा आहे. देवरामने बसायला स्टूल दिलं. गुडघे उत्तम. चिंता उगाच केली.

८.३५.
ऋचा आली. डोळे लाल. स्टेजवरच्या धुराने असणार. विचारलं, ‘शेजारी चावी’ झालं का? नाही वाजवलं म्हणाली. जिवात जीव आला. म्हणजे मी काहीच चुकवलं नाही. ऑटोत नारळ तिनेच मांडीवर घेतला, पार तिलक नगरला घर येईपर्यंत.

मंगळवार, ४ फेब्रुवारी.
काल ऋचा गेली. आज बँडने जयपूरचा व्हिडिओ टाकला.

कैवल्य माइकवर सांगतोय की जयपुरात एक काका आहेत, आमच्या प्रत्येक गाण्यातल्या चुका काढतात, आम्हाला इतकं नीट कोणीच ऐकत नाही, काका आलेत का? गर्दीतून एक हात वर. ऋचाचा. माइक पुढे केल्यावर बारीक आवाजात म्हणाली की ते माझे बाबा आहेत, बाहेर आहेत, नारळ घेऊन. लोक हसले. कैवल्य हसला नाही. म्हणाला, मग हे काकांसाठी. आणि ‘शेजारी चावी’ सुरू केलं.

ऋचाने अख्खं गायलं. एक ओळ चुकली नाही. तिच्या शेजारी एक जागा रिकामी दिसते, माणूसभर. एवढ्या गर्दीत कशी राहिली कोण जाणे. तिनेच धरून ठेवली असणार.

सहा वेळा पाहिलं. फार वाईट वाटलं. दुपारी तिचा फोन आला. रूम चांगली आहे, जेवण बरं आहे. मग विचारलं, बँडचं काही पाहिलंत का? दोन दिवस नेट बंद आहे म्हटलं. बरं म्हणाली.

कैवल्यला त्रेसष्टावा मेसेज लिहायला घेतला. सूचना काही सुचेना.

संध्याकाळी सुनंदाने चटणीला नारळ फोडला. खवट. आतून पार काळा. हा स्टेजवर दिला असता तर मंडळाची केवढी नाचक्की झाली असती. बरंच झालं मी आत गेलो नाही.