अकोटहून आलेलं खोकं

अमरावती,
शुक्रवार, ९ जानेवारी २०२६

प्रिय मैना,

सप्रेम जयभीम.

पिंकी आणि बाळ बरे असतील. बाळाची कावीळ उतरते आहे, उद्या शनिवारी दोघांना दवाखान्यातून सुट्टी मिळेल, असं तू बुधवारी फोनवर म्हणालीस. इकडे थंडी कडक आहे. माझं ठीक चाललंय.

आता कामाचं. बाथरूममधला गॅस गिझर पेटवू नकोस. रविवारी केशरबाई पिंकीला तेल लावून न्हाऊ घालायला येणार आहे, तिलाही पेटवू देऊ नकोस. पाणी शेगडीवर तापवा, नाहीतर शेजारून आणा. आत्ता उठ, त्या सिलिंडरचं रेग्युलेटर काढून कपाटात ठेव आणि मग पुढचं वाच.

काढलंस? बरं.

हेच मी बुधवारी सांगत होते. पण मी सांगितलं कसं? "या मॉडेलमध्ये थोडा बिघाड निघतो म्हणे." तुला राग आला यात नवल नाही. "दोन महिने झाले देऊन ताई, आता कुठून बिघाड आला? बाळाचं नाव तुले न विचारता ठेवलं म्हनून दिलेली वस्तू परत मागून राहिली का? सरळ बोल ना!" मी सरळ बोलले नाही. तू फोन ठेवलास आणि तेव्हापासून उचलत नाहीस. म्हणून हे पत्र हातोहात पाठवते आहे.

तो गिझर मी विकत घेतलेला नाही.

माझ्या घराची पुढची खोली मी गिझर दुरुस्तीवाल्या कंपनीला भाड्याने दिली होती, हे तुला माहीत आहे. गेल्या जूनमध्ये ते लोक एका रविवारी सामान भरून निघून गेले. ना सूचना, ना नवा पत्ता. भिंतीला ठिकठिकाणी भोकं पाडून ठेवली. मी चिडले होते. ऑगस्टमध्ये कुरिअरवाला एक मोठं खोकं घेऊन दारात आला. वर त्यांचं नाव होतं, पत्ता माझ्या घराचा. मी म्हटलं, ते लोक इथे नाहीत. तो म्हणाला, "पत्ता तर हाच आहे ना मॅडम? सही करा, आले की देऊन द्या." वरून पाऊस लागला होता, त्याचा रेनकोट फाटका होता. मी सही केली.

कंपनीच्या जुन्या नंबरवर दोनदा फोन लावला. बंद. तिसऱ्यांदा लावला नाही. खोक्यावर पाठवणाऱ्याचं नाव आणि नंबर स्पष्ट लिहिलेला होता, अकोटचा. त्यावर एकदाही लावला नाही. मनाशी म्हटलं, ही त्यांची आणि कंपनीची भानगड आहे, मी काय त्यांची नोकर आहे? खोकं जिन्याखाली राहिलं. मी दर आठवड्याला त्यावरची धूळ पुसत असे. मैना, वस्तू पुसायला लागलं की ती हळूहळू आपलीच वाटायला लागते. महिनाभराने मला ते खोकं कुणाचं आहे हे आठवायला मुद्दाम थांबावं लागायचं.

मग ऑक्टोबरात मी ते उघडलं.

मी मागवलं नाही, मी चोरलं नाही, ते माझ्या दारात आलं, दोन महिने कुणी विचारायला आलं नाही. असं मी स्वतःला समजावलं. एखाद्या पोरीने वर्गात हे कारण सांगितलं असतं तर मी तिला पिरियडभर उभं केलं असतं.

आता पिंकीच्या डोहाळजेवणाचं. मी तो गिझर माझ्या घरी लावला नाही, तुझ्याकडे आणला. का आणला ते लिहिते. आदल्या महिन्यात तू सगळ्यांसमोर हसत म्हणाली होतीस, "आमच्या ताईच्या हातून उपदेशाशिवाय काई सुटत नाई." ते मला लागलं होतं. मी खोक्यावरच्या पत्त्यावर सोनेरी कागद चिकटवला आणि खोकं तुझ्या बैठकीत मधोमध ठेवलं. तू रडलीस. पिंकीच्या सासूला हाताला धरून आणून दाखवलंस, "पाहा, माह्या बहिनीनं पेन्शनीतून आनलं." मी तुला थांबवलं नाही. उलट म्हणाले, "असू दे गं, त्यात काय." ती जागा खरं सांगायची होती. मला ती गोडी सोडवली नाही.

पिंकी बाळंत होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही, पहिलं पाणी तिच्या अंगावर पडेल, असं तू ठरवलंस. तुझ्या त्या हट्टामुळे आजवर तुझ्या घरात सगळे जिवंत आहेत.

हे वाक्य मी खोडणार होते. राहू दे. आता कारण लिहिते.

खोक्यात गिझरसोबत एक कागद होता. वहीचा, चौघडी घातलेला. मी तो वाचला. अकोटच्या भगवंतराव नावाच्या शेतकऱ्याने कंपनीला लिहिलं होतं, की त्यांची सून आकांक्षा बाळंतपणानंतर या गिझरच्या पाण्याने आंघोळ करताना बेशुद्ध पडली, दवाखान्यात आहे, अजून बोलत नाही. डॉक्टर गॅसमुळे झालं म्हणतात. तरी गिझर तपासून लेखी कळवावे.

होय, हे मी ऑक्टोबरमध्येच वाचलं. तुझ्याकडे आणण्याआधी तीन आठवडे.

मी एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. कार्बन मोनॉक्साइड, रंग नाही, वास नाही, माणसाला कळण्याआधी हातपाय गळून जातात. दर वर्षी फळ्यावर लिहायचे, खाली दोन रेघा मारायचे. तो कागद वाचून माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? की या लोकांनी खिडकी बंद केली असणार. बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून भिंतीतल्या हवेच्या झडपेत पोतं कोंबलं असणार. वस्तूत दोष नाही, दोष अडाणीपणात आहे. मी निकाल दिला आणि कागद फाडला.

तरी खात्री म्हणून आमच्या गल्लीतल्या धर्मेंद्रला बोलावलं. तो गॅसची कामं करतो. त्याने अंगणात सिलिंडर जोडून गिझर पेटवून दाखवला. ज्योत स्वच्छ निळी. मी म्हटलं, "बघ, चांगला आहे." तो म्हणाला, "मॅडम, मोकळ्यात सगळंच निळं जळते. बंद खोलीत काय करते थे पाहा लागते." मी त्याला त्याचे पैसे दिले आणि पाठवलं.

तेव्हा निदान तुला एवढं तरी बजावायला हवं होतं, की झडप उघडी ठेव. एक वाक्य. पण तू विचारलं असतंस, "कावून?" तू नेहमीच विचारतेस. मग मला अकोट सांगावं लागलं असतं, कागद सांगावा लागला असता. म्हणून मी ते वाक्य बोलले नाही. आणि बुधवारी तूच मला फोनवर कौतुकाने सांगितलंस, की केशरबाईच्या सांगण्यावरून झडपेत पोतं कोंबून वर प्लास्टिक ठोकलंय, दाराखालच्या फटीला जुनी गोधडी लावायची आहे, वाऱ्याचा कण येणार नाही.

बुधवारी मला जाग कशी आली, असं तुला वाटेल. मंगळवारी भगवंतराव स्वतः माझ्या दारात आले.

साठीचे आहेत. धोतर नाही, पँट-शर्ट, गळ्यात मफलर. कंपनी म्हणते तुमचा गिझर आमच्याकडे पोचलाच नाही, मग दोष कशावरून? ग्राहक मंचात तक्रार केली, तिथेही हाच प्रश्न. म्हणून ते कुरिअरच्या कचेरीतून पोच पावतीची नक्कल काढून पत्ता शोधत आले. पावती माझ्यापुढे धरली. "बाई, हे सही कोनाची व्हय, सांगता येईन का?"

माझी सही होती. हजारो प्रगतिपुस्तकांवर केली तशी, ठसठशीत.

मी म्हटलं, "नाही ओळखत. त्या दुकानात मुलं असायची."

ते म्हणाले, "बराबर आहे. तुमाले काय मालूम असनार." मी चहा केला. चहा पिताना त्यांनी सुनेचं सांगितलं, मी विचारलं नव्हतं. आकांक्षा आता चालते. घास हातात दिला की खाते. पोरगं सात महिन्यांचं झालंय, रांगत तिच्या मांडीवर चढतं, आणि ती सासूकडे बघून विचारते, "हे कोनाचं हाय?" दिवसातून चार-पाच वेळा विचारते. सासू दर वेळी सांगते, तुझंच आहे. "पह्यले माही बायको रडे," ते म्हणाले, "आता नुसती सांगते." जाताना आपला नंबर एका चिठ्ठीवर लिहून ठेवला, काही आठवलं तर कळवा म्हणून. मी त्यांना फाटकापर्यंत सोडलं. फाटकाची कडी लावताना मला तुझं बाथरूम दिसलं.

बुधवारी तुला फोन केला तो असा. तेव्हाही मला गिझर बंद करायचा होता आणि गोष्ट झाकायची होती. दोन्ही एकदम होत नाही, हे तू फोन ठेवल्यावर कळलं.

काल सकाळी मी भगवंतरावांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. सही, कागद, धर्मेंद्र, तू, पिंकी. मग त्यांनी एकच विचारलं, "तुमची भाची न्हाली का त्यानं?" मी म्हटलं, नाही, रविवारी न्हाणार आहे. ते म्हणाले, "मंग येतो मी."

आज पहिल्या एसटीने आले आहेत. मी हे लिहिते आहे आणि ते पुढच्या खोलीत बसले आहेत, ज्या खोलीत त्यांचं खोकं पोचायला हवं होतं तिथेच. चहा ठेवला, घेतला नाही. पाणी घेतलं. मी म्हटलं, मीही येते तुमच्यासोबत अकोल्याला, तुझ्या घरी. खाली बघून म्हणाले, "नका येऊ बाई. मले तुमच्या बाजूच्या सीटवर बसनं जमनार नाई. चिठ्ठी द्या." मला आजवर कुणी इतक्या सभ्यपणे घराबाहेर काढलं नव्हतं, आणि घर माझंच आहे.

तर तुझ्या दारात हे पत्र देऊन उभा राहिलेला माणूस तो. आत घे. गिझर त्यांना दे. तो त्यांचा आहे. पण भिंतीवरून तू किंवा कुणी काढू नका, ते आधी फोटो काढतील, मग त्यांनी सोबत आणलेल्या पान्याने स्वतः काढतील. बसवताना पितळी नळी बदलली असेल तर तसं सांग. मी मंचापुढे जाऊन जबाब देणार आहे की वस्तू माझ्याकडे होती आणि कागद मी फाडला. कंपनीचा वकील म्हणेल, पाच महिने वस्तू परक्या घरात होती, कुणी काय केलं कुणास ठाऊक. म्हणू शकतो. म्हणजे मी खरं सांगूनही कदाचित त्यांचा दावा बुडेल. हे मी त्यांना सांगितलेलं नाही. त्यांना ते कळलेलं आहे असं मला त्यांच्या बसण्यावरून वाटतं.

पिंकीच्या सासूलाही कळेल. तू ज्यांना ज्यांना माझं कौतुक सांगितलंस त्या सगळ्यांना आता तुलाच हे सांगावं लागणार. तुझ्या वाट्याला हे मी आणलं. माफी मागून ते परत घेता येत नाही, म्हणून मागत नाही.

एक मात्र ऐक. झडपेतलं पोतं ते गेल्यावर काढ, आधी काढू नकोस. त्यांना ते बाथरूम जसं आहे तसं बघायचंय, दार लावून आत उभं राहून. काल फोनवर मला त्यांनी एवढंच मागितलं. बाहेर यायला वेळ लागला तर हाक मारू नकोस, कडी वाजवू नकोस. बाळ घरी असतं तर दाखव म्हटलं असतं, नाही ते बरंच झालं.

पिंकीला खरं काय ते सांग. मावशीची चूक झाली असं म्हणू नकोस. चूक कुरिअरवाल्याची होती, आणि ती एका दिवसाची होती.

तू फोन करावास असं म्हणायचा हक्क नसलेली, तरी फोन चार्जिंगला लावून त्याच्याजवळ बसलेली,

ज्योत्स्ना