पाणी सध्या मुद्दा नाही

२८ एप्रिल २०२४
लोकसभा. पक्षाने मला तालुक्याचा मुद्देप्रमुख केलं. प्रचारात कुणी काय बोलायचं ते आता मी ठरवणार. म्हणजे वरून मेसेज येतो, पण फॉरवर्ड मीच करतो. यावेळचा मुद्दा: देशाची सुरक्षा.

५ मे, दुपारी
शेणव्याजवळ, रंभाअक्का दिली आहे त्या पाड्यावर सभा. रिक्षातून पुकारलं, "येणार, येणार!" बायकांना वाटलं, टँकर येणार. मैदानात हंड्यांची ही रांग! राष्ट्रीय फोटोत हंडे शोभत नाहीत. सगळे देवळामागे हलवायला लावले. अक्काने विचारलं, पाण्याचं काय रे? म्हटलं, सख्खी बहीण असलीस तरी सांगतो, पाणी विधानसभेचा विषय. आपला हंडा उचलून देवळामागे ठेवून आली. पटलं असावं.

७ नोव्हेंबर
विधानसभा. वरून मेसेज: स्थानिक मुद्दे घ्या. ताबडतोब पाणी घेतलं! अक्काला फोन करून हंडे मैदानात मांडायला लावले. ड्रोनने फोटो. उमेदवार साहेब खूश. अक्का म्हणाली, मागच्या टायमाला लपवलेस, आता मांडतोस? महिन्यात नळ देतो, असा शब्द दिला. तिच्याकडे बघून बोलता आलं नाही. ऊन फार होतं.

२० एप्रिल २०२५
साहेब निवडून आले. नळही आला. पाणी तेवढं राहिलं. अक्का विहिरीवर घसरली, हात मोडला. भेटायला जाणारच होतो, पण सत्कार होते. फोनवर समजावलं की आता हे काम झेडपीकडे. फोन कट झाला. रेंज नसते तिथे.

८ जानेवारी २०२६
झेडपीची तयारी. तिकीट मलाच. म्हशाच्या जत्रेत दोघंतिघं तसं बोलले. ठाम ठरवलं: मुद्दा पाणी. कुणाच्या बापाचं ऐकणार नाही.
संध्याकाळी मेसेज आला: देशाची सुरक्षा. तेही बरोबरच आहे म्हणा.

२५ जानेवारी
पाड्यावर सभा. मैदानात माणूस नाही. हंड्यांची रांग मात्र सरळ. सगळे चेपलेले, तळ गेलेले. अक्का एकटी उभी. म्हणाली, "तुला हंडेच लागतात ना रे? हे आलेत बघ. बोल यांच्याशी. चांगले घेऊन बाया नदीवर गेल्या. आमाला टाइम नाय."
मग स्वतःचा हंडा घेऊन तीही गेली. हात अजून वाकडाच आहे.
साहेबांचा फोन आला. सांगितलं, मैदान भरलंय.
फार लाज वाटली. अक्काला हाक मारायची होती. पण काय बोलायचं, ते वरून आलं नव्हतं.