चालता येते, ऐकू येते, आठवते

दि. १८ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. प्रवासी तक्रार निवारण अधिकारी,
विशेष साहाय्य विभाग,
शुभ्रपंख एअरवेज, विभागीय कार्यालय.

अर्जदार : रामराव भाऊराव निंभोरकर, वय ७३ वर्षे, सेवानिवृत्त वाहतूक नियंत्रक (एस.टी.), रा. चांदूर बाजार, जि. अमरावती.

विषय : अर्जदाराच्या नावापुढे आपल्या दप्तरी असलेली 'चालता येत नाही, ऐकू येत नाही, आठवत नाही' ही नोंद रद्द होऊन तसे लेखी पत्र २४ नोव्हेंबरच्या आत मिळणेबाबत.

संदर्भ : १) दि. २५ ऑक्टोबरचा दिल्ली प्रवास, आसन १४-एफ.
२) अर्जदाराच्या पहिल्या तक्रारीवरील आपले दि. ६ नोव्हेंबरचे उत्तर.

माननीय महोदय,

वरील विषयी सादर करण्यात येते की,

१. अर्जदाराची आई वारली तेव्हा अर्जदार चार वर्षांचा व त्याची बहीण तारा बारा वर्षांची होती. तिने शाळा सोडून अर्जदाराला वाढवले. ही ताराअक्का गेली बावीस वर्षे दिल्लीस मुलाकडे, म्हणजे अर्जदाराचा भाचा अश्विन याच्याकडे राहत होती. ऑक्टोबरात तिची किडनी निकामी होऊन तिला दवाखान्यात ठेवले. तिने निरोप धाडला, "रामूले एकडाव पाहू द्या." अर्जदाराचा मुलगा कुलदीप, ज्याचे अकोल्यात जठारपेठेत चष्म्याचे दुकान आहे, तो दिवाळीच्या सुट्टीत पत्नी प्रणाली व मुलगी जुईली यांच्यासह दिल्लीमार्गे मनालीस सहलीला निघाला होता. त्याने आपल्याच तिकिटांत अर्जदाराचे तिकीट जोडले. ते सहल करून येईपर्यंत अर्जदाराने आठ दिवस अक्काजवळ राहावे, असे ठरले. अर्जदार विधुर असून घरी एकटाच राहतो. त्यामुळे त्याच्या जाण्याने कोणाचेही काही अडणार नव्हते.

२. तिकिटासोबत आपल्या कंपनीकडून 'निवांत विमानप्रवासासाठी एकवीस सूचना' असा संदेश आला. अर्जदाराने एकतीस वर्षे बसस्थानकाच्या खिडकीत बसून लोकांना सूचना दिल्या आहेत. सूचना न ऐकणाऱ्या प्रवाशाचे काय होते, हे त्याने पाहिले आहे. म्हणून सूनबाईंनी वाचून दाखवलेल्या सर्व सूचना त्याने वहीत उतरवून घेतल्या व जशाच्या तशा पाळल्या. ढिले व हलक्या रंगाचे कपडे घालावेत, म्हणून पांढरा पायजमा घातला. कानात दडे बसू नयेत म्हणून लिमलेटच्या गोळ्या घेतल्या. अंगात पाणी कमी पडू नये म्हणून पहाटेपासून दोन तांबे पाणी प्यायला. कागदपत्रे, औषधे, चष्मा व फोन एकाच पिशवीत एकाच जबाबदार व्यक्तीकडे ठेवावेत, म्हणून ते सर्व सूनबाईंच्या पिशवीत दिले. पायांना सूज येऊ नये म्हणून दर तासाला टाचा वर-खाली कराव्यात, याचा घरी सरावही केला. अक्कासाठी घेतलेला सांडग्यांचा डबा सूचनेप्रमाणे मोठ्या सामानात टाकला.

३. सूचना क्रमांक सतरा मात्र अर्जदारास कोणी वाचून दाखवली नाही व ती त्याच्या वहीतही नव्हती, कारण संदेशाचे ते पान सूनबाईंनी पुढे सरकवले. ती सूचना अशी की, सोबत वृद्ध व्यक्ती असल्यास व्हीलचेअर आधीच मागवावी, म्हणजे संपूर्ण कुटुंबास रांगेतून सवलत मिळते. त्या दिवशी विमानतळावर रांग फार मोठी होती. अर्जदार रोज चांदूर बाजारात सकाळी चार किलोमीटर फिरतो. दारात खुर्ची आलेली पाहून त्याने विचारले, "हे कोनासाठी?" त्यावर कुलदीप म्हणाला, "बाबा, तुमी फक्त बसा. काही बोलू नका. पाच मिनिटांचं काम आहे." नात जुईली उभी राहून कंटाळली होती, म्हणून अर्जदार बसला. येथे त्याची चूक झाली, हे तो मान्य करतो.

४. खिडकीवरील आपल्या कर्मचारी आचल यांनी कारण विचारले. फॉर्मवर तीन चौकोन होते. एक भरला असता तरी खुर्ची मिळाली असती, असे आपल्याच पत्रात लिहिले आहे. सूनबाईंनी तिन्ही भरले. मग अर्जदाराच्या गळ्यात एक पिवळे कार्ड अडकवण्यात आले. चष्मा पिशवीत असल्याने त्यावर काय लिहिले आहे, ते त्याला वाचता आले नाही. कुटुंब तपासणीतून सात मिनिटांत बाहेर पडले. जुईलीने मागे वळून हात केला. पुढे त्यांना नाश्ता करायचा होता व अर्जदाराला वेगळ्या लिफ्टने न्यायचे होते. "ते आणून बसवतात तुमाले विमानात," असे कुलदीप म्हणाला. त्यानंतर त्या दिवशी अर्जदाराने त्याला पाहिले नाही.

५. अर्जदाराला एका दालनात नेऊन इतर पाच खुर्च्यांच्या ओळीत ठेवण्यात आले. आणणारा कर्मचारी परत गेला. त्याची पाळी संपली असावी. अकरा वाजून दहा मिनिटांचे विमान होते. साडेदहाला अर्जदाराने घोषणा ऐकली व तो उठून चालू लागला. तेव्हा दुसऱ्या एका कर्मचाऱ्याने त्याला धरून परत बसवले. अर्जदार म्हणाला, "मले चालता येते." कर्मचाऱ्याने कार्डाकडे पाहिले व मोठ्याने, कानाशी येऊन सांगितले, "आजोबा, बसा." अर्जदार म्हणाला, "मले ऐकू येते, ओरडू नका." त्याने विमानाचा क्रमांक, वेळ व आसन बिनचूक सांगितले. त्यावर शेजारी उभ्या असलेल्या आचल यांनी सहकाऱ्यास सांगितले की, असे पेशंट सकाळी ऐकलेले दिवसभर घोकत बसतात.

६. पावणेअकराला अर्जदार पुन्हा उठला. या वेळी तो गेटच्या काचेपर्यंत पोहोचला. काचेतून त्याला विमानाकडे जाणारी माणसे दिसत होती. बोर्डिंग पास त्याच्यापाशी नव्हता. त्याला परत आणून कमरेला पट्टा लावण्यात आला. त्याची क्लिप खुर्चीच्या मागे होती. अर्जदार मोठ्याने बोलू लागला. आयुष्यात एस.टी.च्या खिडकीतही तो कधी एवढा मोठ्याने बोलला नव्हता. तेव्हा विमाने पाहून पेशंट बिथरतो, असे ठरवून त्याची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवण्यात आली. भिंतीवर हसऱ्या म्हातारा-म्हातारीचे चित्र होते. अर्जदाराला बिस्किटे देण्यात आली.

७. लिहिण्यास लाज वाटते, परंतु वगळले तर अर्ज अपुरा राहील. अर्जदाराने सूचनेप्रमाणे पाणी प्यायले होते. त्याने लघवीस जाण्याची परवानगी तीन वेळा मागितली. पहिल्या वेळी "माणूस येतो" असे सांगितले. दुसऱ्या वेळी कोणी उत्तर दिले नाही. तिसऱ्या वेळी त्याने मागितली, तेव्हा जे व्हायचे होते ते झालेले होते. एका बाईंनी नाकाला रुमाल लावून खुर्चीखाली वर्तमानपत्र टाकले. पांढऱ्या पायजम्यासंबंधीची सूचना आपण कृपया फेरविचारात घ्यावी.

८. विमान वेळेवर गेले. दिल्लीस उतरल्यावर कुलदीपने आपल्या कंपनीच्या कार्यालयास फोन करून वडिलांना तेथेच ठेवा, असे सांगितले व अमोल या स्वतःच्या मित्रास गाडी घेऊन पाठवले. अमोल संध्याकाळी साडेसहाला पोहोचला. तोपर्यंत अर्जदार भिंतीसमोर होता. अमोलकडून 'एक वृद्ध प्रवासी सुस्थितीत ताब्यात मिळाला' अशा पावतीवर सही घेण्यात आली. अर्जदाराने स्वतः सही करतो म्हटले, तेव्हा त्याची गरज नाही, असे सांगण्यात आले. मोठे सामान कुलदीपच्या नावावर असल्याने दिल्लीस गेले होते.

९. अर्जदाराची समजूत अशी होती की, कुटुंबास तो विमानात नाही हे कळलेच नसावे. त्याने गावात तसेच सांगितले. आपल्या ६ नोव्हेंबरच्या उत्तराने तो गैरसमज दूर झाला. त्यात आपण लिहिले आहे की, दार लावण्यापूर्वी कर्मचाऱ्यांनी आसन १४-एफ रिकामे असल्याचे सहप्रवाशाच्या लक्षात आणून दिले, पंधरा मिनिटे थांबण्याची तयारी दाखवली, व "थांबू नका, पुढची मनालीची बस सुटेल, त्यांना आमचा माणूस घेऊन जाईल," असे सहप्रवाशाने सांगितल्याने विमान सोडण्यात आले; सबब कंपनीचा दोष नाही. हे उत्तर अर्जदाराने चार वेळा वाचले. त्यातील मजकूर खरा आहे का, असे त्याने मुलाला विचारले नाही. मुलाने खरे सांगितले असते, याची त्याला भीती वाटली.

१०. दिल्लीस कुलदीप वीस मिनिटे दवाखान्यात गेला. रामू कुठे, असे अक्काने विचारले. म्हाताऱ्या बापाला खुर्चीत सोडून आलो, असे सांगणे त्याला जड गेले असावे. त्याने सांगितले की, बाबांची आठवण गेली, विमानतळावरच गोंधळ घातला, म्हणून परत पाठवावे लागले. अश्विनला खरे वाटेना, तेव्हा कुलदीपने फोनमध्ये फॉर्मचा फोटो दाखवला. त्यावर आपल्या कंपनीचा शिक्का होता.

११. अर्जदाराने घरी येताच बडनेऱ्याहून रेल्वेचे तिकीट काढले. शेजाऱ्यांच्या फोनवर अश्विनचा फोन आला, "मामा, इथं आईचंच करता करता दम निघून राह्यला. तुमी आले तं तुमाले कोन पाहीन?" अर्जदाराने सांगितले, मला कोणी पाहायची गरज नाही. अश्विन "हो मामा, हो" म्हणाला, जसे लहान मुलाला म्हणतात. अर्जदाराने तिकीट रद्द केले. ते रद्द करायला नको होते.

१२. दि. २ नोव्हेंबरला अश्विनने फोन अक्काच्या कानाला लावून दिला. ती म्हणाली, "रामू, जेवला का रे बाबू?" अर्जदाराने सांगितले की, कुलदीप बोलला ते खोटे आहे. त्याने तिला दोघे लहानपणी मोझरीला पायी गेले होते, वाटेत अर्जदाराची चप्पल तुटली व तिने त्याला कडेवर घेतले होते, हे सांगितले. तिच्या मैत्रिणींची नावे सांगितली. आईच्या लुगड्याचा रंग सांगितला. अक्का रडू लागली. ती अश्विनला म्हणाली, "कोनी तरी शिकवून देल्लं त्याले. लय गोड बोलते." मग फोनमध्ये सावकाश, एकेक शब्द तोडून म्हणाली, "मी तारा. तुही बहीन. आठवते का?" अर्जदार म्हणाला, "आठवते, अक्का." त्यावर ती अश्विनला म्हणाली, "हो म्हन्ते बिचारा."

१३. ताराअक्का दि. १२ नोव्हेंबरला पहाटे वारली. अर्जदारास हे दि. १५ ला कळले, तेही गावातल्या एकाने मोबाईलवर आलेला अक्काच्या श्रद्धांजलीचा फोटो दाखवला म्हणून. बहिणीला अग्नी दिला त्या दुपारी अर्जदार शेजारच्या बारशाला गेला होता. त्याने श्रीखंड दोनदा घेतले व बायकांच्या आग्रहावरून बाळाला मांडीवर घेऊन गाणेही म्हटले. त्याने अश्विनला विचारले, मला का सांगितले नाही? अश्विन म्हणाला, "मामा, आईनंच सांगतलं होतं. म्हने, रामूले काही कळवू नका, त्याले आता मी कोन ते ठाऊक नाही, मंग काहून उगाच घाबरवता त्याले." कुलदीपला हे दि. १२ लाच माहीत होते.

१४. सबब नम्र विनंती की,
(अ) अर्जदाराच्या नावापुढील तिन्ही नोंदी चुकीच्या असल्याने रद्द कराव्यात. चौकशीसाठी अर्जदारास बोलवावे, तो चालत येईल.
(ब) तसे पत्र आपल्या शिक्क्यानिशी थेट अश्विन यास दिल्लीस पाठवावे. अक्काची तेरवी दि. २४ ला आहे. नातेवाईक जमतील, तेव्हा ते वाचून दाखवता येईल. अर्जदाराच्या तोंडी सांगण्यास आता कोणी किंमत देत नाही. आपल्या शिक्क्यास देतात, हे फॉर्मच्या बाबतीत दिसून आले आहे.
(क) आपल्या सूचनांत पुढील तीन वाढवाव्यात : खुर्चीत बसणाऱ्याचा चष्मा, फोन व बोर्डिंग पास त्याच्याच खिशात असावेत, फॉर्ममधील कारण त्याला स्वतः विचारावे, आणि तो स्वतःबद्दल काही सांगत असेल, तर कार्ड वाचण्याआधी ते ऐकावे.
आर्थिक भरपाईची मागणी नाही.

१५. आपल्या पत्राच्या शेवटी असे कळवले आहे की, या वर्गवारीतील प्रवाशाचा अर्ज काळजीवाहू नातेवाइकाच्या सहीशिवाय विचारात घेता येत नाही. सदर सही घेण्यासाठी अर्जदार आज बसने अकोल्यास गेला. दुकानात गिऱ्हाईक होते. कुलदीपने पहिल्या पानावर नजर टाकली, मागची पाने वाचली नाहीत, व काउंटरवरच शेवटच्या पानावर सही करून दिली. मग पुन्हा पहिल्या पानाकडे पाहून म्हणाला, "मजकूर चांगला आहे बाबा. कोनाकडून लिहून आनला?" अर्जदाराने अर्ज पिशवीत ठेवला व बस पकडली. ही शेवटची बाब परत आल्यावर सहीच्या वर उरलेल्या जागेत लिहिली आहे.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,

(सही)
रामराव भाऊराव निंभोरकर
अर्जदार

(सही)
कुलदीप रामराव निंभोरकर
काळजीवाहू

सोबत : १) आपल्या ६ नोव्हेंबरच्या उत्तराची प्रत. २) प्रवासी ताब्यात मिळाल्याची पावती. ३) पिवळे कार्ड, मूळ.